गाडीतला सूर : प्रस्तावना

घरात सलग तासभर बसून गाणं ऐकणारी माणसं आता फार उरली नाहीत. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि पुढे वर्षाहून थोडा अधिक काळ, आठवड्याला एक या हिशेबाने ५६ गीतं प्रसारित झाली. त्या काळी रेडिओ घरात एका जागी असे आणि माणसं त्याच्यापाशी येऊन बसत. आज गाणं प्रत्येकाच्या खिशात आहे आणि ते ज्याच्या त्याच्या कानातच संपतं. चार माणसांनी एकत्र बसून, मध्येच न उठता, एकच गाणं ऐकावं अशी जागा बहुतेक घरांसाठी एकच राहिली आहे, ती म्हणजे गाडी. गावी जाताना, लग्नाला जाताना, देवदर्शनाला जाताना दोन-तीन तास काचा बंद असतात, कुणाला उठून जायचं नसतं आणि गाणं सगळ्यांचं असतं. म्हणून गाडीत गाणं कसं ऐकू येतं हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. घरातल्या पुढच्या पिढीच्या कानावर तानपुरा कसा पडणार, हे बऱ्याच अंशी तिथे ठरतं.

आणि नेमकं तिकडेच आपलं सर्वांत कमी लक्ष असतं. नवी गाडी घेताना मायलेजची, सनरूफची, डॅशबोर्डवरच्या स्क्रीनच्या आकाराची चौकशी होते. स्पीकरची होत नाही. पुढे आवाज आवडेनासा झाला की गाडी ॲक्सेसरीच्या दुकानात जाते आणि तिथे बहुधा एकच उपाय सुचवला जातो : मोठा वूफर. डिकीत पेटी येते, काचा थरथरतात, नंबरप्लेट खडखडते. आवाज वाढलेला असतो, पण गाणं होतं तिथेच असतं. ही पुस्तिका त्या वाटेने जात नाही. तिचं म्हणणं थोडक्यात असं : गाडीतला चांगला आवाज विकत मिळत नाही, तो बसवावा लागतो, आणि नीट बसवला तर तो बसवलेला दिसत नाही.

हे सगळं लिहिताना एक रस्ता डोळ्यांपुढे ठेवला आहे, पुण्याहून पासलीला जाणारा. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, नसरापूरजवळचा चेलाडी फाटा, इथवर सातारा महामार्ग. तिथून आत वळून मार्गासनी, विंझर आणि तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे. वेल्ह्यानंतर रस्ता डोंगरात शिरतो आणि पासलीवरून केळदकडे, मढे घाटाच्या माथ्याकडे जातो. गाडीतल्या आवाजाची परीक्षा घ्यायला याहून चांगला रस्ता शोधून सापडायचा नाही.

महामार्गावर ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने छोट्या गाडीच्या आत टायरचा आणि वाऱ्याचा मिळून साधारण ६५ ते ७० डेसिबलच्या घरातला आवाज असतो. विलंबित ख्यालात गायक खर्जाकडे उतरला की त्याचा आवाज या गोंगाटाखाली बुडतो. आपण व्हॉल्यूम वाढवतो. तार षड्ज आला की कान किटतात, मग पुन्हा कमी करतो. चेलाडी फाट्यानंतर वेग उतरतो, वारा थांबतो, तेव्हा दुसरीच कटकट सुरू होते. खडबडीत रस्त्यावर दाराचं पॅड, डॅशबोर्ड, सीटबेल्टचं बक्कल, मागचा ट्रे, सगळेच आपापल्या परीने वाजू लागतात. वेल्ह्यापुढच्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची घरघर वाढते. आणि पासलीच्या आसपास गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, की इतकी शांतता असते की ॲम्प्लिफायरची बारीकशी सूंसूंसुद्धा लपत नाही. अर्थिंग चुकलं असेल, गेन नको इतका चढवून ठेवला असेल, तर ते तिथे उघडं पडतं. दुकानासमोरच्या वाहत्या रस्त्यावर ते कधीच कळत नाही.

पासली आणखी एक गोष्ट ध्यानात आणून देते : गाडी मुळात कशासाठी असते. या खोऱ्यातली कितीतरी घरं अर्धी गावात, अर्धी पुण्यात असतात. शनिवारी गाडी गावाकडे येते आणि रविवारी भात-तांदळाची पोती, भाजीपाला, कुणाची औषधांची पिशवी घेऊन परत जाते. इथे डिकी शोभेला नसते. मागच्या सीटवर म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात, त्यांच्या पाठीत वूफरचे दणके बसून चालत नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या कुशीत दिवसचे दिवस पाणी कोसळतं. रात्री-अपरात्री बॅटरी उतरली तर हाकेच्या अंतरावर गॅरेज नसतं. म्हणजे इथल्या गाडीत बसवायची व्यवस्था डिकी न अडवणारी, पाण्याने न बिघडणारी, बॅटरी न खाणारी आणि चोराच्याच काय, पाहुण्याच्याही नजरेत न भरणारी हवी. या अटी पाळून जी व्यवस्था उभी राहते, तीच नादाच्या दृष्टीनेही सर्वांत चांगली असते. हा योगायोग नाही. दोन्हींना घट्ट बांधणी, थोडकी पण स्वच्छ ताकद आणि नेमकं मोजमाप लागतं. या पुस्तिकेतलं प्रत्येक प्रकरण ही एकच गोष्ट वेगवेगळ्या अंगाने दाखवण्याचा प्रयत्न करतं.

गाडीत गाणं वाजवण्याची धडपड आता शंभरीला आली आहे. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली गाडीत बसवण्याजोगा रेडिओ बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. पुढे कंपनीनेच ते नाव घेतलं. जर्मनीत १९३२ साली ब्लाउपुंक्टचा गाडीतला रेडिओ आला. इंजिनातल्या ठिणग्यांमुळे रेडिओत खरखर यायची आणि ती दाबायची कशी, ही तेव्हाची मोठी अडचण. आज गाडी बदलली, रेडिओ बदलला, पण इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी स्पीकरमधली शिट्टी अजूनही बसवणाऱ्याची पहिली डोकेदुखी आहे. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि आपल्याकडे गाडीतल्या गाण्याला खरी बरकत आली. अँबॅसेडरच्या आणि कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डमध्ये टेप आला, मागच्या काचेखाली दोन स्पीकर आले. गाणं पाठीमागून येण्याची सवय आपल्याला तिथे लागली. ती इतकी पक्की झाली की मागचे स्पीकर मोठे असले म्हणजे आवाज चांगला, ही समजूत अजूनही जात नाही. मैफलीत गायक कधी आपल्या पाठीमागे बसत नाही. गाडीतही तो समोरच हवा, आणि त्यासाठी खर्च पुढच्या दारांवर व्हायला हवा.

विचाराला खरं वळण मिळालं ते १९८३ च्या सुमारास. बंगाली वडिलांचे अमेरिकेत वाढलेले चिरंजीव, विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक अमर बोस यांच्या कंपनीने जनरल मोटर्सबरोबर कॅडिलॅक सेव्हिलसाठी खास व्यवस्था तयार केली. आधी स्पीकर घेऊन मग ते गाडीत कुठे मावतात ते पाहायचं, असा क्रम त्यांनी ठेवला नाही. त्या गाडीची पोकळी, तिच्या काचा, तिच्या सीट यांचा अभ्यास करून त्यांनी स्पीकर आणि त्यांचा आवाज ठरवला. आज डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे बाजारात सगळे ज्याला डीएसपी म्हणतात ती छोटी डबी, हेच काम कुठल्याही साध्या गाडीसाठी करू शकते. जे तेव्हा एका महागड्या गाडीपुरतं होतं, ते आता हॅचबॅकच्या सीटखाली मावतं.

पुणे हे या कामासाठी देशातलं अगदी योग्य गाव आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो. १९९८ साली आलेली इंडिका इथल्या कारखान्यात बनली. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था वेताळ टेकडीवर आहे आणि गाड्यांचा आवाज, थरथर, कर्कशपणा मोजणं हे तिथलं रोजचं काम आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचं रीतसर शिक्षण मिळतं. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून इथे भरतो, आणि तो उभा करणाऱ्या पंडित भीमसेन जोशींचं गाड्यांचं वेड सर्वश्रुत होतं. मैफलींसाठी ते दूरदूरचा प्रवास स्वतः गाडी चालवत करत. सुटे भाग हवेत तर नाना पेठ आहे, इलेक्ट्रॉनिक सामानाला तपकीर गल्ली आहे. कान आहेत, हात आहेत, विद्या आहे, बाजार आहे. फक्त ही मंडळी एकमेकांना भेटत नाहीत. ज्याला जवारी कळते तो दाराच्या पत्र्याकडे पाहत नाही, आणि ज्याला पत्रा कळतो त्याने तानपुरा जवळून ऐकलेला नसतो. या पुस्तिकेला त्या दोघांना एका गाडीत बसवायचं आहे.

आता मूळ अडचणीकडे वळू. ऐकण्याची खोली म्हणून गाडी फार वाईट आहे. तिन्ही-चारी बाजूंना काचा, त्यावरून वरचे स्वर टणाटण परततात. मऊ सीट आणि माणसांचे कपडे तेच स्वर शोषून घेतात. स्पीकर पायांजवळ असतात. आणि ऐकणारा कधीच मध्यभागी नसतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. समजा, उजव्या दारातला स्पीकर त्याच्या डोक्यापासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या दारातला १४५ सेंटिमीटरवर. फरक ५५ सेंटिमीटरचा. आपल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साडेचौतीस सेंटिमीटर. तेव्हा उजवा आवाज डाव्याच्या आधी सुमारे १.६ मिलिसेकंद पोचतो.

एवढ्याशा वेळाने काय होणार, असं वाटेल. पण एका बाजूने आलेला आवाज एका कानानंतर दुसऱ्या कानाला पोचायला पाऊण मिलिसेकंदही लागत नाही, आणि तेवढ्या फरकावरच आपला मेंदू दिशा ओळखतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या फरकाचं महत्त्व दाखवलं. पुढे १९४० च्या दशकाअखेरीस हेल्मुट हास यांनी दाखवलं की तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित पुढेमागे आला, तर जो आधी पोचतो त्याच्याच दिशेने तो येतोय असं माणसाला वाटतं. म्हणून बहुतेक गाड्यांत गायक चालकाच्या उजव्या गुडघ्यापाशी बसलेला असतो. डीएसपीमध्ये उजव्या स्पीकरला १.६ मिलिसेकंद थांबवलं आणि त्याची पातळी थोडी उतरवली, की तोच गायक उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. यासाठी एकही नवा स्पीकर लागत नाही. मोजपट्टी लागते, आणि थोडा धीर लागतो. मात्र चालकासाठी जुळवलेली ही वेळ शेजारच्या सीटवर बिघडते. म्हणून दोन जुळण्या साठवून ठेवाव्यात : एक एकट्याने जाताना आणि एक घर घेऊन निघताना. दुसरी जुळणी कुणालाच शंभर टक्के देत नाही, पण सगळ्यांना गाणं देते. कुटुंबाच्या गाडीत मी तिलाच अधिक मान देतो.

नाद किती नाजूक रीतीने वाटला जातो हे पाहायचं तर तानपुऱ्याची एक तार घ्यावी. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं; त्या वाद्याचं सगळं कौशल्य त्याच्या नादात आहे. पुरुष गायकाने काळी एक पट्टी घेतली तर जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास लागते. पण त्या आकड्यावर तानपुरा संपत नाही. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की मूळ सुराच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे स्वर जागे होतात आणि ते काही हजार हर्ट्झपर्यंत चढत जातात. गाडीत ही एकच तार तीन ठिकाणी वाटली जाते. मूळ ६९ हर्ट्झचा सूर सीटखालच्या वूफरकडे, मधला गाभा दारातल्या साडेसहा इंची स्पीकरकडे, वरची झळाळी काचेजवळच्या ट्वीटरकडे. तिघांची वेळ आणि पातळी जुळली तर समोर एक तानपुरा उभा राहतो. नाही जुळली तर खालून हुंकार, दारातून गुणगुण आणि काचेवरून झणझण असे तीन वेगळे आवाज येतात. त्यात काय बिघडलं हे नेमकं सांगता येत नाही, पण चार-पाच मिनिटांत ऐकणारा गाणं बंद करतो.

हे तीन वाटे करणाऱ्या गाळणीला क्रॉसओव्हर म्हणतात. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या दोन अभियंत्यांनी १९७० च्या दशकात मांडलेली तिची जुळणी आजही जगभर वापरली जाते. दोन स्पीकर जिथे एकमेकांना काम सोपवतात तिथे आवाजाला उंचवटा येत नाही, हे तिचं वैशिष्ट्य. वूफर आणि दार यांचा सांधा ८० हर्ट्झच्या आसपास आणि दार व ट्वीटरचा तीन हजारांच्या आसपास, ही बहुतेक गाड्यांत चालणारी सुरुवात आहे. नेमका आकडा प्रत्येक गाडीने आणि प्रत्येक स्पीकरने स्वतः सांगायचा असतो.

आता दार. या सगळ्या उद्योगातला सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत मोठा भाग तोच आहे. दाराचं पॅड काढून आत पाहा. बाहेरचा पत्रा पातळ, हाताने दाबला तर आत जाणारा. आतल्या पत्र्याला मोठमोठी भगदाडं आणि त्यावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद. मधे काच वर-खाली करणारी यंत्रणा, कुलपाच्या सळ्या, लोंबणाऱ्या वायरी. आणि प्लॅस्टिकच्या रिंगवर तीन-चार स्क्रूंनी धरलेला स्पीकर. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढे हवा दाबली जाते आणि मागे विरळ होते. भगदाडांतून मागची लाट पुढच्या लाटेला येऊन मिळाली की दोघी एकमेकींना खातात आणि खालचे स्वर नाहीसे होतात. खोड तडकलेल्या पखवाजाला कितीही चांगली पुडी चढवली तरी तो बोलत नाही; उघड्या दारात बसवलेल्या महागड्या स्पीकरचंही तसंच होतं.

उपाय साधा आहे. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल रबराची, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली डॅम्पिंग शीट लावायची. पत्रा आधी स्वच्छ पुसायचा, शीट लावल्यावर रोलर दाबून फिरवायचा. पत्र्याचा इंच न् इंच झाकायची गरज नसते. पाव ते तिसरा हिस्सा नीट चिकटला तरी त्याची टणटण थांबते. दारावर टिचकी मारून आधीचा आणि नंतरचा आवाज ऐकला की फरक कळतो. मग आतल्या पत्र्याची भगदाडं बंद करायची, आणि स्पीकरची रिंग घट्ट, हवा न सोडणारी करायची. स्वस्तातल्या डांबरी शीटच्या नादाला लागू नये, उन्हात त्या मऊ पडतात आणि वास मारतात. एमडीएफच्या रिंगा वेल्ह्याच्या पावसात फुगतात. तिथे प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या रिंगा घ्याव्यात.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नये. काचेच्या पट्टीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडावं, अशीच दाराची रचना असते. घाईने शीट लावणारा ती भोकं बुजवतो, दारात पाणी साठतं, आतून गंज धरतो आणि मालकाला ते वर्षभराने कळतं. काम झालं की गाडी ताब्यात घेण्याआधी काचेवर बादलीभर पाणी ओतून ते खालून वाहतं की नाही, हे पाहूनच घ्यावं.

ताकदीबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवं, कारण फसगत सर्वाधिक तिथे होते. डेकच्या खोक्यावर ५० वॉट गुणिले ४ असं छापलेलं असतं. गाडी चालू असताना मिळतात १४.४ व्होल्ट, आणि स्पीकर असतो ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग सुमारे २०७. त्याला ओहमच्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागलं की २६ येतात. साध्या डेकमधून एका स्पीकरला स्वच्छ आवाजाचे याहून अधिक वॉट मिळूच शकत नाहीत, प्रत्यक्षात ते आणखी कमी असतात. दुसरीकडे, वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. म्हणून हजारांच्या आकड्यांमागे धावण्यात अर्थ नाही. दर स्पीकरला ५० ते ७५ खरे वॉट देणारा क्लास-डी ॲम्प्लिफायर सीटखाली मावतो, फारसा तापत नाही आणि तबल्याची खणखणीत थाप न फाटता देतो. त्याची वायर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज घालूनच काढावी. इंजिनाकडच्या पत्र्यातून ती आत घेताना रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याच्या धारेने वायर सोलते आणि गाडीला आग लागू शकते. चावी काढली की ॲम्प्लिफायर पूर्ण बंद होतो का, हेही तपासावं. पासलीत सकाळी गाडी चालू झालीच पाहिजे.

न दिसण्याचा आग्रह कशासाठी, याचं उत्तर आतापर्यंत बरंचसं मिळालं असेल. मूळ डेक, मूळ जाळ्या, मूळ डिकी तशीच ठेवायची. कंपनीच्या वायरी न कापता कपलर ते कपलर जोडणी करायची, म्हणजे वॉरंटीवरून वाद होत नाही आणि गाडी विकताना सगळं काढून पुढच्या गाडीत नेता येतं. खांबांच्या आत पडदा एअरबॅग असेल तर तिच्यावरून वायर न्यायची नाही, ट्वीटर तिच्या वाटेत बसवायचा नाही. तिथे जिवाशी गाठ असते. पण यापलीकडचं एक कारण मला अधिक मोलाचं वाटतं. जी व्यवस्था दिसत नाही, तिला कुणाला काही दाखवायचं नसतं. तिचा आवाज गाडीतल्या माणसांसाठी असतो आणि काचेच्या आत राहतो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. डोंगरातल्या गावाची रात्र त्याहूनही शांत असते. कुणाच्या ओसरीवरून जाताना आपलं गाणं त्यांच्या झोपेवर आदळू नये, हा कायद्याआधी शेजारधर्म आहे. कानाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलपर्यंतचं ऐकणं आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानते; त्यापुढे आवाज वाढला तर वेळ झपाट्याने घटवावा लागतो. दारं शांत केलेली गाडी कमी आवाजातच पुरेशी वाटते. दर रविवारी मागे बसणाऱ्या नातवंडांच्या कानांसाठी यापरती भेट नाही.

सगळं बसल्यावर जुळणीचं काम उरतं. तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मोजायचा माइक डोक्याच्या जागी धरून, सर्व पट्ट्यांतली ताकद सारखी असलेला पिंक नॉइज वाजवून, कुठला भाग फुगलाय आणि कुठला बसलाय ते लॅपटॉपवर पाहता येतं. त्यासाठी रूम ईक्यू विझार्डसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टायरचा गोंगाट मुख्यतः खालच्या स्वरांचा असतो, म्हणून चालत्या गाडीसाठी खालची बाजू थोडी उचलून, वरची हळूहळू उतरती ठेवावी लागते. मात्र माइकने अर्धंच काम होतं. उरलेलं कानाने करायचं, आणि त्यासाठी ओळखीचे आवाज लागतात. पुलंच्या कथाकथनाचं ध्वनिमुद्रण लावा. तो आवाज घराघरांत पाठ आहे, नाकातून आला की पोकळ झाला की लगेच कळतं. आकाशवाणीच्या जुन्या मोनो मुद्रणातलं गाणं लावा. डाव्या-उजव्या बाजूंना तंतोतंत तेच असल्यामुळे आवाज बरोबर मध्ये उभा राहायला हवा. कडेला सरकला तर वेळ किंवा पातळी चुकलेली आहे. डग्ग्याची मींड ऐका, ती सलग घसरायला हवी, मध्येच एखादा सूर फुगता कामा नये. हलगी ऐका, काडीचा फटका आणि कातड्याची थाप एकाच क्षणी यायला हवी. आणि तानपुरा तर आहेच.

पुढच्या पानांत ठरावीक ब्रँडची शिफारस नाही. माल दर वर्षी बदलतो, तत्त्वं बदलत नाहीत. प्रत्येक प्रकरणात काय करायचं, का करायचं आणि झालेलं काम मालकाने स्वतः कसं तपासायचं, हे दिलं आहे. स्वतः पॅड उघडणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. दुकानात काम देणाऱ्याला तो अधिक होईल, कारण योग्य प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक समोर आलं की चांगल्या कारागिरालाही हुरूप येतो. या धंद्यात असे कारागीर आहेत. पण झटपट मोठा आवाज मागणाऱ्यांच्या गर्दीत त्यांच्या बारीक कामाचं मोल कुणी विचारत नाही. ते विचारलं जावं, ही या लिखाणामागची माझी सर्वांत मोठी इच्छा आहे.

हाताशी पैसे मोजके असतील, आणि ते बहुतेकांच्या हाताशी मोजकेच असतात, तर खर्चाचा क्रम असा ठेवावा. आधी पुढची दोन दारं शांत आणि बंदिस्त करावीत. मग तिथे एक चांगली स्पीकर-ट्वीटरची जोडी. त्यानंतर डीएसपी असलेला छोटा ॲम्प्लिफायर आणि मन लावून केलेली जुळणी. वूफर सर्वांत शेवटी, तोही सीटखाली मावेल एवढाच. मागचे स्पीकर कंपनीचेच राहू द्यावेत. यातल्या कुठल्याही टप्प्यावर थांबलात तरी आधी केलेलं काम वाया जात नाही आणि आधीच्यापेक्षा गाणं जवळ आलेलं असतं. क्रम उलटा केला तर मात्र प्रत्येक पायरीवर पैसा जातो आणि शेवटी पुन्हा दारापाशीच यावं लागतं. म्हणून या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण दाराचं आहे.